पश्चिमेची खिडकी

उन्हाशी वैर धरून संसार चालवणारा माणूस त्या शहरात एकच होता, आणि त्याला सगळे पडदेवाले म्हणत. शहराच्या उत्तर टोकाला जुन्या बाजारात त्यांचं पडद्यांचं दुकान होतं. दुकान वडिलांचं, कात्री वडिलांची आणि तत्त्वज्ञानही वडिलांचंच: पूर्वेला पातळ, पश्चिमेला जाड. सकाळचं ऊन हा पाहुणा, त्याला जाळीच्या कापडातून रीतसर आत घ्यावं. संध्याकाळचं ऊन हा घुसखोर, त्याला अस्तर लावून उंबऱ्याबाहेर ठेवावं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पडदेवाले त्याला रंग विचारत नसत, कापड विचारत नसत. "खिडकी कुठल्या तोंडाची?" एवढंच विचारत. ज्याला सांगता येत नसे त्याला घरी जाऊन सूर्य बघून यायला लावत. या पद्धतीने काही गिऱ्हाइकं कायमची गेली होती, पण उरलेल्यांना दिशा चांगल्या पाठ झाल्या होत्या.

अशा माणसाच्या बायकोच्या डोळ्यांत रोज दोन वेळा ऊन जावं, हे म्हणजे न्हाव्याच्या घरी केसांची जंगलं वाढण्यासारखं होतं.

बायको, म्हणजे बाई. त्या शाळेत खेळ आणि कवायत शिकवत. अर्ध्या शहराला त्यांनी "सावधान"मध्ये उभं केलेलं असल्यामुळे त्यांना नुसतं बाई म्हटलं तरी पुरत असे. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळत बसतात. बाईही सुरुवातीला तशाच बसल्या. सकाळी ठरल्या वेळी जाग यायची, पण शिट्टी कुणासाठी वाजवायची ते कळायचं नाही. घर इतकं शांत झालं की पडदेवाल्यांना घड्याळाचाही राग यायला लागला. मग एके दिवशी बाईंनी जाहीर केलं की त्या गाडी शिकणार. शिकल्या. शिकवणाऱ्याच्या म्हणण्यानुसार उलट झालं: त्या पंधरवड्यात तो पाठ ताठ ठेवून बसायला शिकला.

पडदेवाल्यांनीही एकदा प्रयत्न करून पाहिला होता. पण गाडी थांबवायची वेळ आली की त्यांचा हात सवयीने दोरी ओढायला वर जाई. तेव्हा त्यांनी शेजारच्या जागेवर बसायचं ठरवलं आणि ते सगळ्यांच्याच हिताचं झालं.

तर गाडी आली, बाई पडदेवाल्यांना दुकानात न्यायला लागल्या, दिवसभर गल्ल्यावर बसायला लागल्या, संध्याकाळी दोघं एकत्र घरी यायला लागले. आणि एक गोष्ट घडली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पडली की बाई गुणगुणायच्या. शाळेच्या बँडवर वाजणारी कवायतीची चाल होती ती. बाईंच्या नाकातून येताना तिच्यातली सगळी वाद्यं एकाच वेळी सर्दीने बेजार झाल्यासारखी वाटत. पडदेवाल्यांनी त्या गाण्याची कधी स्तुती केली नाही. पण ते सुरू झालं की ते बोलणं अर्धवट सोडत आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत. पुष्कळदा सोंग करता करता खरोखरच झोप लागे.

आता या सुखात अडचण एवढीच की घर शहराच्या दक्षिण टोकाला होतं. मधला रस्ता फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. रुंदीकरणात कडेची झाडं गेली आणि त्यांच्या जागी दिव्याचे खांब आले, जे दिवसा सावली देत नसत आणि रात्री उजेड. सकाळी उत्तरेकडे जायचं, तेव्हा सूर्य उजवीकडे. संध्याकाळी दक्षिणेकडे यायचं, तेव्हाही सूर्य उजवीकडे. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे बाई उजवीकडे. सूर्याने जणू फक्त बाईंशीच बोलायचं ठरवलं होतं. थोड्याच महिन्यांत त्यांचा उजवा गाल असा रापला की डावीकडून पाहिलं तर बाई दिसत आणि उजवीकडून पाहिलं तर बाईंची थोरली बहीण.

गालाचं बाईंना काही नव्हतं. सगळा जन्म मैदानावर गेलेला. प्रश्न डोळ्यांचा होता.

एका शनिवारी संध्याकाळी कालव्याजवळच्या चौकात उन्हाचा असा झोत बाजूच्या काचेतून आला की बाईंना समोर नुसतं पांढरं दिसलं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि बॉनेटवर टक् असा आवाज झाला. उजवीकडच्या रस्त्याने एक रंगारी सायकलला शिडी बांधून, सायकल हातात धरून येत होता. शिडीचं पुढचं टोक गाडीला टेकलं होतं. रंगारी स्वतः शिडीभर मागे होता. तो शांतपणे पुढे आला आणि वाकून आत पाहत म्हणाला,

"बाई, मी नाही दिसलो, समजू शकतो. पण शिडी?"

"अरे, तू?" बाई काच खाली करत म्हणाल्या. "शेवटच्या रांगेतला?"

"तोच. शाळेतसुद्धा मी तुम्हाला कवायतीला कधी दिसलो नाही. पण तेव्हा मी लपायचो हो. आज नव्हतो लपलो."

तिघंही हसले. रंगाऱ्याने बॉनेटवरचा ओरखडा बोटाने पुसून पाहिला, "याच्यावर एक हात मारून देईन, म्हणाल त्या रंगाचा," असं सांगितलं आणि तो शिडी सावरत गेला. पण तिथून घरापर्यंत गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये आली. गाणं झालं नाही. पडदेवाल्यांनी दोन वेळा डोळे मिटून पाहिले, उपयोग झाला नाही.

घरापुढे गाडी थांबल्यावर बाई तशाच बसून राहिल्या.

"अहो, तो शिडीच्या पुढे असता तर?"

"नव्हता ना पण."

"शिडी लांब होती म्हणून." बाईंनी चावी काढली. "मुलांना उन्हात उभं करताना मी आधी स्वतः उभी राहून बघायची. आणि आता मी आंधळ्यासारखी गाडी हाकायची? पुढच्या रविवारपर्यंत बघते. ऊन डोळ्यांत जायचं थांबलं तर ठीक. नाहीतर चावी धाकट्याला. आपण बसने जाऊ."

"बसमध्ये गुणगुणणार कोण?" असं पडदेवाल्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असलं काही बोलायचं म्हणजे उगीच संशयाला जागा. ते म्हणाले, "बसला गर्दी असते."

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ, पडदेवाल्यांचे मेहुणे. ते वरच्या मजल्यावर राहत आणि जगातल्या सर्व विषयांवर सल्ला देत. सल्ला फुकट असे आणि त्या भावातही महाग पडे. बातमी जिन्यावरून वर पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते खाली आले.

"ताई, काळी फिल्म लाव काचेला. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही."

"मला आतून बाहेरचंच दिसत नाहीये. त्यात आणखी काळं फासू? आणि पोलिसांनी धरलं तर?"

"मी आहे ना! मी बघतो."

"तू नुसतं बघतोसच रे."

मेहुणे वाईट वाटून घेणाऱ्यांतले नव्हते. ते गाडीत जाऊन बसले आणि सीट मागेपुढे करून पाहू लागले.

"काय चाललंय?" पडदेवाल्यांनी विचारलं.

"काही नाही, भावोजी. माझे पाय लांब पडतात, एवढंच बघत होतो. सहज."

हे सहज पडदेवाल्यांच्या जिव्हारी लागलं. जन्मभर शहराचं ऊन अडवलं आणि घरचंच ऊन मेहुण्यांना गाडी देऊन अडवायचं? ते उठले, गळ्यात टेप अडकवली आणि म्हणाले, "ऊन हा माझा धंदा आहे. मेहुणे, उतरा खाली. त्या खिडक्यांची मापं घ्यायचीत."

"आता अंधार पडलाय, भावोजी."

"मग सकाळी उतरा."

रविवारी सकाळी पडदेवाल्यांनी गाडीची मापं घेतली. गाडी घरापुढे उत्तरेकडे नाक करून उभी होती. उजवीकडच्या खिडकीतून कोवळं ऊन आत येत होतं. पडदेवाल्यांनी डोळे बारीक करून ते पाहिलं आणि मनाशी नोंद केली: ही पूर्वेची खिडकी. मग ते वळसा घालून पलीकडे गेले. ही पश्चिमेची. एकदा दिशा ठरल्या की पुढचं सगळं वडिलांच्या तत्त्वज्ञानाप्रमाणे आपोआप होत गेलं. पूर्वेला, म्हणजे बाईंच्या बाजूला, पातळ जाळीचा पडदा. पश्चिमेला, म्हणजे स्वतःच्या बाजूला, गडद, जाड, दुहेरी अस्तराचा, खाली वजनाची पट्टी घातलेला, चुण्या अशा की मंत्र्याच्या दिवाणखान्यात शोभाव्यात.

"पण जाड पडदा तुमच्याकडे कशाला?" बाईंनी विचारलं. "ऊन माझ्याकडून येतं."

"ते सकाळी. तू संध्याकाळची बोलतेस ना? संध्याकाळचं ऊन कुठून येतं?"

"पश्चिमेकडून."

"झालं तर मग. ही पश्चिमेची खिडकी."

बाई क्षणभर गोंधळल्या. पण शहरातली निम्मी घरं ज्यांच्या शब्दावर अंधारात बसली होती त्यांच्याशी उन्हावरून वाद कसा घालायचा, असा विचार करून बाईंनी विषय सोडला. त्यांनी एकच अट घातली: बाजूचा आरसा दिसला पाहिजे. त्यासाठी पडदेवाल्यांनी बाईंच्या पडद्याला दोरी लावली. शेजारी बसणाऱ्याने ओढली की पडदा सरकायचा आणि सोडली की परत यायचा. दोरी वरून आणायला आधार हवा होता, तोही आयता मिळाला. समोरचं ऊन अडवायला बाईंच्या डोक्यावर जी झडप होती, तिचं आरशाजवळचं टोक एका चिमुकल्या आकड्यात अडकवलेलं होतं. पडदेवाल्यांनी दोरी त्या आकड्यावरून घेतली आणि झडपेसकट आपली सुप्रसिद्ध गाठ मारून टाकली. ही गाठ कधी सुटत नाही, अशी दुकानाच्या पाटीवर ग्वाही होती.

"गाडी बनवणाऱ्यांना दोरीची अक्कल आहे हं," ते कौतुकाने म्हणाले. "आकडा बरोबर जागी ठेवलाय."

सोमवारी सकाळचा प्रयोग नाटकासारखा रंगला. बाई वळणाआधी "पडदा!" म्हणून गर्जत, पडदेवाले दोरी ओढत, आरसा दिसे, वळण होई, पडदा पडे. सिग्नलला थांबलेल्या एका रिक्षातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानाशी उतरताना बाईंच्या चेहऱ्यावर बरेच दिवसांनी मैदानावरचं हसू होतं. "जमेल," त्या म्हणाल्या. पडदेवाल्यांनी दिवसभरात तीन गिऱ्हाइकांना न विचारता गाडीचे पडदे दाखवले.

संध्याकाळी दोघं निघाले. पडदेवाल्यांच्या बाजूचा जाड पडदा झक्क पडला होता. त्यामागे गार अंधार, गाडीची पाळण्यासारखी चाल, हातात दोरी. त्यांना सोंग करायचीही गरज पडली नाही.

"पडदा!" बाई म्हणाल्या.

दोरी हलली नाही.

"अहो, पडदा! ऊन माझ्याकडे येतंय! सगळं ऊन माझ्याकडेच येतंय! अहो!"

पडदेवाले दचकून जागे झाले आणि जोरात दोरी ओढली. पडदा पूर्ण उघडला आणि उरलंसुरलं ऊनही बाईंच्या तोंडावर आलं. बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. कालव्याजवळचा तोच चौक. तिथे उभा असलेला वाहतूक पोलीस सावकाश चालत आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चुण्या पाहिल्या, वजनाची पट्टी हातात घेऊन पाहिली.

"काकू, गाडी आहे की दिवाणखाना?"

"यांना विचारा."

"काका, चालवणाऱ्याच्या खिडकीला पडदा चालत नाही. काढून टाका आत्ताच्या आत्ता. आणि मला एक सांगा, ऊन तिकडून येतंय, तर हा गोधडीएवढा पडदा इकडे का?"

"कारण ही पश्चिमेची खिडकी आहे," पडदेवाले म्हणाले. धंद्याच्या गोष्टीत ते पोलिसालाही भीत नसत.

पोलिसाने मान वर करून सूर्याकडे पाहिलं. मग पडदेवाल्यांच्या खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा सूर्याकडे. त्याला घाई नव्हती.

"काका, पश्चिम तिकडे आहे."

"सकाळी इकडे होती."

"सकाळी गाडीचं तोंड कुठे होतं?"

चौकात गाड्यांचे हॉर्न वाजत होते. पडदेवाले समोर पाहत राहिले. त्यांच्या उभ्या आयुष्यात हजारो खिडक्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. काही वाकड्या निघाल्या, काहींची मापं चुकली, एक तर भिंतच निघाली होती. पण माप घेतल्यानंतर तोंड फिरवणारी खिडकी त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

आधी पोलीस हसला. मग बाई हसल्या, इतक्या की त्यांना स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. पडदेवाल्यांनी मुकाट्याने दोन्ही पडदे काढून घडी घातले. दोरी मात्र निघेना. गाठ त्यांनीच मारली होती.

पुढच्या दिवसांत बाईंनी शाळेतली जुनी टोपी काढून तिचा छज्जा उजव्या कानावर घेऊन पाहिला. ऊन थोडं अडलं, पण शाळेच्या बसमधली मुलं काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघायला लागली आणि त्यांतल्या एकाने सलाम ठोकला. शिस्तीच्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. बाई सगळा रस्ता हळू, कडेकडेने, दुसऱ्या गिअरमध्ये चालवत. गाडीत एवढी शांतता असे की पडदेवाल्यांना इंजिनातले आवाज कळायला लागले. मेहुणे रोज संध्याकाळी खाली येऊन टायर दाबून बघत. "हवा कमी वाटते," ते म्हणत. "रविवारी भरून घेईन."

शनिवारी दुपार कलल्यावर पडदेवाले कात्री घेऊन दुकानाबाहेर आले. उद्या गाडी मेहुण्यांकडे जाणार, तर आपली दोरी तरी काढून ठेवावी, असा विचार. मेहुण्यांनी ती ओढत शहरभर फिरावं ही कल्पना त्यांना सोसेना. गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. ते स्टिअरिंगमागे बसले. त्या जागेवर ते शिकायच्या दिवसांनंतर कधी बसले नव्हते, या गाडीत तर कधीच नाही.

आणि ऊन आलं. उजवीकडून, बाजूच्या काचेतून, सरळ डोळ्यांत. पडदेवाल्यांना समोरचं स्वतःचं दुकान दिसेना. पाटी दिसेना. काचेच्या आतल्या बाजूला बोटांचे डाग आणि धुराची साय चढली होती, ती उन्हाने अशी पेटली होती की सगळी काचच दुधाची झाली होती. बाई रोज दोन वेळा हे झेलत होत्या आणि आपण दोन हातांवर गारव्यात झोपलो होतो. पडदेवाल्यांनी एकदा घसा खाकरला. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, तरी.

मग त्यांनी गाठीला हात घातला. गाठ सुटेना. कात्रीचं टोकही तिच्यात शिरेना, म्हणून त्यांनी दोरी धरून जोरात खाली खेचली. टक् असा आवाज झाला, झडपेचं टोक आकड्यातून सुटलं, झडप दांडीवर गर्रकन फिरली आणि पडदेवाल्यांच्या कानशिलावर फाडकन बसली.

त्यांनी कान चोळला. डोळे उघडले. समोर दुकान दिसत होतं. पाटी दिसत होती. "गाठ कधी सुटत नाही" हेसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

झडप आता समोरच्या काचेवर नव्हती. ती बाजूच्या खिडकीवर आडवी येऊन थांबली होती, बरोबर सूर्य आणि डोळा यांच्यामध्ये.

पडदेवाल्यांनी सैल झालेली दोरी कापून काढली आणि झडप हळूच परत समोर नेली. आकड्यात अडकवली. काढली. बाजूला नेली. पुन्हा समोर. एका टोकाला दांडी, दुसऱ्या टोकाला आकडा. ते मनाशी म्हणाले, अरे गाढवा, आकडा दिसला की तो काढून बघायचा, हे दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. आणि तू त्याला दोरी बांधलीस.

ऊन जरा उतरल्यावर ते झडपेच्या खालून डोकावायला लागलं. पण आता पडदेवाल्यांच्या अंगात धंदा संचारला होता. त्यांनी दुकानातून तो जाड, पश्चिमेचा पडदा आणला, सरळ घडी घालून सीटवर अंथरला आणि वर बसले. डोळे झडपेच्या आडोशाला आले. मग सुती चिंधी ओली करून त्यांनी काच आतून पुसली, कोरडी केली, पुन्हा पुसली. दुधाचं पाणी झालं, पाण्याची हवा झाली.

बाई दुकान बंद करून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा नवरा स्टिअरिंगमागे ताठ बसून एक झडप इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत होता.

"बरं वाटतंय ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

"बसून बघ."

बाई बसल्या. उजवीकडे पाहिलं. समोर पाहिलं. आरशात पाहिलं. बोटाने झडप जराशी पुढे केली, जराशी मागे.

"हे पहिल्यापासून इथे होतं?"

"असावं."

"आणि तुम्ही त्याला दोरी बांधली."

"घट्ट."

बाई मैदानावर निकाल जाहीर करायच्या आवाजात म्हणाल्या, "एवढ्यात नाही. आज ऊन उतरलंय, आणि अंगणात सगळेच शूर असतात. उद्या संध्याकाळी, ऊन ऐन भरात असताना, दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या चौकातून. मग ठरवू."

रविवारी संध्याकाळी मेहुणे नवा शर्ट घालून आले. चावी घ्यायला आलेला माणूस जसा हसतो तसे ते हसत होते. "ताई, तू मागे बस, मी..."

"तू मागे बस," बाई म्हणाल्या. "आणि पट्टा लाव."

जाताना ऊन डावीकडे, पडदेवाल्यांच्या बाजूला होतं. त्यांनी ते निमूट सोसलं आणि आपल्याही डोक्यावर तशीच झडप आहे हे अर्ध्या रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं. दुकानाशी गाडी वळली. सूर्य उजवीकडे आला. बाईंनी झडपेचा आकडा सोडवला, झडप बाजूला आणली आणि गाडी पुढे काढली. पहिला गिअर. दुसरा. पडदेवाले समोर पाहत होते, पण सगळा जीव डाव्या-उजव्या दोन्ही कानांत गोळा झाला होता.

कालव्याजवळचा चौक आला. गाडी हळू झाली. आणि थांबली, चांगली दोन गाड्यांची जागा सोडून. बाईंनी काच खाली केली.

"दिसलास रे! ये, ये, आधी तू जा!"

उजवीकडच्या रस्त्यावर, उन्हाच्या पोटात, रंगारी शिडी घेऊन उभा होता. त्याने हात वर केला, रस्ता ओलांडला आणि पलीकडे गेल्यावर टाचा जुळवून असा सलाम ठोकला, जो त्याने शाळेत एकदाही नीट ठोकला नव्हता. सायकल पडता पडता वाचली.

गाडी निघाली. दुसरा गिअर. तिसरा.

आणि बाईंच्या नाकातून सगळी वाद्यं सर्दीसकट वाजायला लागली.

पडदेवाल्यांनी डोळे मिटले.

"ताई," मागून मेहुण्यांचा आवाज आला. ते बाईंच्या मागेच, उजव्या खिडकीशी बसले होते. "सगळं ऊन माझ्या तोंडावर येतंय गं. काहीतरी कर."

गाणं थांबलं नाही. पडदेवाल्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "इलाज नाही, मेहुणे. ती पश्चिमेची खिडकी आहे."

ते हे बोलत असतानाच बाईंनी गाडी घराकडच्या आडरस्त्यावर डावीकडे वळवली आणि पश्चिम गाडीच्या मागे गेली. मागच्या काचेतून आलेलं ऊन मधल्या आरशात पेटलं आणि तिथून बाईंच्या डोळ्यांत उतरलं. गाणं थांबलं.

"अहो! आता हे आरशातून येतंय!"

पडदेवाल्यांनी एक डोळा उघडला आणि आरशाकडे पाहिलं. आरशाच्या खालच्या कडेला एक छोटीशी कळ होती. इतके दिवस ती कशासाठी आहे हे कुणी विचारलं नव्हतं. पडदेवाल्यांनी पुढे वाकून, बांधण्याआधी या वेळी, ती दाबून बघितली.

आरसा मवाळ झाला. मेहुणे मागून वाकून पाहायला लागले.

"ताई, मग चावी..."

"कसली चावी?" बाई म्हणाल्या, आणि जिथे सोडली होती तिथून चाल उचलली.